लॉ करतोय, फुटबॉल एजंट व्हायचंय : परभणीच्या एका भावाला उत्तर

परभणीच्या एका भावानं विचारलंय की मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे, युनिव्हर्सिटीपर्यंत फुटबॉल खेळलोय, आता खेळाडूंचे करार करून देणारा एजंट व्हायचंय, तर परीक्षा कोणती असते, पैसे किती मिळतात आणि मराठवाड्यात बसून हे काम जमतंय का. तिन्ही सांगतो, पण पैशाचं शेवटी सांगतो, कारण ते आधी सांगितलं की लोक पुढचं वाचत नाहीत.

मी मूळचा लातूरचा. वडील मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते, मी लॉ केलं, कोर्टात दोन-तीन वर्षं काढली आणि २०१२ पासून या कामात आहे. सुरुवातीला वकील म्हणूनच पोरांचे करार बघायचो, २०१५ ला फिफानं एजंटची लायसन्स पद्धत बंद करून इंटरमीडियरी, म्हणजे मध्यस्थ, म्हणून नुसती नोंदणी आणली तेव्हा ती केली, आणि २०२३ ला परत परीक्षा आली तेव्हा माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान पोरांच्या बाजूला बसून ती दिली.

परीक्षेचं आधी उरकू. फिफाचे एजंटसाठीचे नवे नियम जानेवारी २०२३ पासून सुरू झाले आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून लायसन्स नसलेल्या माणसाला खेळाडूसाठी बोलणी करता येत नाहीत. पेपर २० प्रश्नांचा, वेळ ६० मिनिटं, पास व्हायला १५ बरोबर पाहिजेत. इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिश, म्हणजे आपल्यासाठी इंग्रजीच. अभ्यासाचं मटेरियल फिफाच देतं आणि परीक्षेत ते समोर उघडं ठेवता येतं, तरी एप्रिल २०२३ च्या पहिल्या परीक्षेत जगभरातून ५२ टक्केच पास झाले होते. याचं कारण असं की प्रश्न पाठांतराचे नसतात, गणितासारखे असतात. अमुक तारखेला जन्मलेला पोरगा, अमुक वयात या क्लबला, मग त्या क्लबला, करार या दिवशी संपतोय, आता कुणाला किती पैसे आणि कोणता नियम मोडला ते सांगा. मी दहावीपर्यंत मराठी मीडियमला होतो, त्यामुळं इंग्रजीची धास्ती मला माहितीय, पण तीन महिने रोज एक तास तेच मटेरियल पेन्सिल घेऊन वाचलं, प्रत्येक नियमाचं स्वतःच एक उदाहरण बनवलं, तर जमतंय. लायसन्स माणसाला मिळतं, कंपनीला मिळत नाही. वर्षाची फी ६०० डॉलर, म्हणजे पन्नास हजारांच्या थोडं वर. आणि दरवर्षी फिफाचं थोडं शिक्षण पूर्ण करावं लागतं, नाहीतर लायसन्स थांबतं.

एक गोष्ट आत्ताच डोक्यात घाल. लायसन्स यायच्या आधी कुणासाठीही क्लबशी बोलणी करायची नाहीत, मित्रासाठी नाही, चुलतभावासाठी पण नाही. अर्जाच्या आधीच्या २४ महिन्यांत बिनलायसन्सचं काम केलेलं निघालं तर तिथंच अडकशील. जुन्या नियमांत आईबाप, भाऊ आणि वकील यांना सूट होती, म्हणून आपल्याकडं अजून बरेच जण 'मी तर त्याचा मामा आहे' म्हणत क्लबच्या मॅनेजरला फोन करतात. ती सूट आता नाही. वकील म्हणून करार वाचून सल्ला देणं वेगळं, आणि पोराच्या वतीनं आकडा सांगणं वेगळं.

आता खरं काम.

२०१४ ची गोष्ट सांगतो, ती न सांगता पुढं गेलो तर हे उत्तर अर्धवट राहील. माझ्याकडं एक सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू होता, बावीस वर्षांचा, क्लबनं वर्षाला ७ लाख म्हणलं होतं. मी तीन आठवडे भांडलो, फोनवर फोन, दोनदा स्वतःच्या खर्चानं जाऊन बसलो आणि ९ लाख करून आणले. पोरगं खूश, घरी पेढे वाटले. सहाव्या मॅचला त्याचा गुडघा गेला, एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आतलं लिगामेंट तुटलं. हे ऑपरेशन झालं की परत खेळायला आठ-नऊ महिने तरी लागतात, कधी वर्ष लागतं. करारात एक ओळ होती की खेळाडू सलग ६० दिवसांपेक्षा जास्त अनफिट राहिला तर क्लबला करार संपवता येईल. एकसष्टाव्या दिवशी पत्र आलं. क्लबनं बेकायदा काहीच केलं नाही, कागदावर होतं तेच केलं. आणि ती ओळ मी वाचली होती, भावा. वाचून सोडली होती, कारण आकडा वाढवून घेतल्यावर अजून एक मागणी केली तर सगळंच बिघडेल अशी भीती वाटली. वर्षाचे ९ लाख कागदावर राहिले, हातात आले चार महिन्यांचे, आणि पुढच्या फिजिओथेरपीला त्याच्या बापानं म्हैस विकली. पोरगं परत त्या लेव्हलला खेळलंच नाही.

माझे वडील मोंढ्यातली पट्टी लिहायचे. शेतकरी माल घालतो, भाव पुकारला जातो, सगळे भाव ऐकतात, आणि मग पट्टी हातात येते, त्यात हमाली, तोलाई, आडत, कधी घट, कधी बारदाना. वडील म्हणायचे की येणारा माणूस भाव विचारतो, पट्टीच्या खालच्या ओळी कुणी विचारत नाही. मी ते लहानपणापासून ऐकलं होतं आणि तरी त्या पोराच्या बाबतीत भावच बघितला. त्यानंतर मी प्रत्येक खेळाडूची अशी एका पानाची पट्टी करतो. वर पगार लिहायचा आणि खाली जे जे त्याला कमी करू शकतं ते सगळं, कोणत्या परिस्थितीत, कोणत्या महिन्यात.

दुखापतीची ओळ आता मी अशी लिहून घेतो की क्लबच्या मॅचमध्ये किंवा ट्रेनिंगमध्ये झालेल्या दुखापतीसाठी पगार कराराच्या शेवटपर्यंत चालू राहील, ऑपरेशन आणि रिहॅबचा खर्च क्लबचा, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचा हक्क खेळाडूला. सगळे क्लब सगळं देत नाहीत. पण मी आकड्यातले पन्नास हजार सोडीन, हे सोडत नाही.

मॅच बोनस बघ. 'खेळलेल्या प्रत्येक मॅचला ५ हजार' असं सरळ लिहिलेलं असतंय आणि पोरं खूश होतात. खेळलेल्या म्हणजे काय? पहिल्या अकरात असलेल्या? का ८९ व्या मिनिटाला उतरला तरी चालतंय? बेंचवर बसून राहिला तर? सीझनच्या शेवटी यावरून भांडणं होतात, तेव्हा एक वाक्य आधीच जोडायचं, की मैदानात एक मिनिट उतरला तरी ती मॅच मोजली जाईल. मग वाढीव वर्षाचा ऑप्शन. दोन वर्षांचा करार आणि पुढं एक वर्ष वाढवायचा हक्क फक्त क्लबला, तोही जुन्याच पगारात. म्हणजे पोरगं चमकलं की स्वस्तात अडकलं आणि नाही चमकलं की सोडून दिलं, दोन्ही बाजूंनी क्लबचाच फायदा. पूर्ण काढता आलं तर काढायचं, नाही आलं तर पगारवाढीचा आकडा आणि कळवायची शेवटची तारीख लिहून घ्यायची, मी बहुतेक ३१ मार्च मागतो, कारण जून उजाडल्यावर कळून काय उपयोग, तोपर्यंत दुसऱ्या टीमा भरलेल्या असतात. राहण्याची सोय म्हणलं असेल तर एका खोलीत किती जण, डिपॉझिट कुणाचं, ऑफ सीझनला घर रिकामं करावं लागतंय का. हे छोटं वाटतंय, पण महिन्याचे पंधरा हजार याच्यात जातात.

'मेडिकल पास झाला तरच करार लागू' अशी अट असली तर फिफाच्या नियमात ती बसत नाही. मेडिकल करायची तर सहीच्या आधी करा. करार कमीत कमी चालू सीझनच्या शेवटपर्यंतचा आणि जास्तीत जास्त पाच वर्षांचा, १८ च्या आतल्या पोराला तीन वर्षांच्या वर नाही.

पगार थकण्याचा नियम मात्र प्रत्येक खेळाडूला मी तोंडपाठ करायला लावतो. दोन महिन्यांचे पगार थकले तर खेळाडूला योग्य कारणानं करार मोडता येतो, पण आधी क्लबला लेखी नोटीस देऊन कमीत कमी १५ दिवसांची मुदत द्यावी लागते. आपली पोरं काय करतात, तीन महिने सहन करतात, मग एक दिवस चिडून बॅग भरून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं गावाकडं येतात. आता दोष कुणाचा झाला? क्लब म्हणतो खेळाडू पळून गेला. खरी बाजू ज्याची होती तोच कागदावर चोर ठरतो. म्हणून माझ्या पोरांना सांगून ठेवलंय की पगार एक दिवस उशिरा झाला तरी मला मेसेज टाका, मी तारखा लिहून ठेवतो, आणि नोटीस जाईपर्यंत कितीही राग आला तरी सकाळच्या ट्रेनिंगला हजर राहायचं.

जुलै २०२५ ला तर सगळ्यांचीच परीक्षा झाली. एआयएफएफ, म्हणजे भारताची फुटबॉल संघटना, आणि आयएसएल ही लीग चालवणारी एफएसडीएल कंपनी यांचा २०१० चा पंधरा वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता, नवीन ठरेना, आणि आयएसएलचा पुढचा सीझन थांबवल्याचं क्लबांना कळवलं गेलं. मग काही क्लबांनी पगारच थांबवले. त्या दोन महिन्यांत मला रात्री अकरा-अकराला आयांचे फोन यायचे, खेळाडूंपेक्षा त्यांच्या आयांचेच जास्त. ज्यांच्या करारात 'लीग झाली नाही तरी' काय होईल हे लिहिलेलं होतं त्यांच्यासाठी बोलायला निदान जागा होती. ज्यांच्यात नुसतं 'अपरिहार्य परिस्थिती' एवढाच शब्द होता तिथं क्लबचा वकील त्याचा वाटेल तेवढा मोठा अर्थ काढत होता. त्यानंतरच्या प्रत्येक करारात मी अपरिहार्य म्हणजे काय याची यादी मागतो आणि आयोजकांचा आपसातला व्यवहार त्या यादीत येऊ देत नाही.

आता एजंट आणि खेळाडू यांच्यातल्या कागदाबद्दल. याच्यावर थोडा जास्त वेळ घेतो, कारण आपल्या भागात पोरं इथंच बुडतात.

बीड जिल्ह्यातलं एक लेकरू होतं, धारूरच्या डोंगराकडचं. मायबाप दरवर्षी कोयता घेऊन कारखान्यावर जायचे, पोरगं हॉस्टेलला. डावा पाय असा की बॉल चिकटून राहायचा. त्याच्या कोचनं मला फोन केला की वकीलसाहेब, एक कागद बघून द्या. गेलो. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर एका एजंटबरोबर पाच वर्षांचा करार, पोराच्या कमाईचे २५ टक्के, करार मोडला तर ५ लाख दंड, खाली पोराची सही आणि साक्षीदार म्हणून बापाचा अंगठा. पोराचं वय साडेसोळा. बदल्यात एक जोडी बूट आणि ४० हजार रुपये.

मी एकेक करून सांगितलं. १८ च्या आतल्या मुलानं केलेला करार आपल्या १८७२ च्या करार कायद्यात टिकत नाही, मोहोरीबीबीच्या प्रकरणात १९०३ पासून हे पक्कं आहे. फिफाच्या नियमात एजंटचा करार दोन वर्षांच्या वर असू शकत नाही आणि आपोआप वाढत पण नाही. एजंटला बाजूला ठेवून खेळाडूनं स्वतः करार केला तर दंड, ही अट तर रद्दच धरली जाते. अल्पवयीन पोराशी बोलायलाही पालकांची लेखी परवानगी लागते, आणि पहिला प्रोफेशनल करार करता येईल त्या वयाच्या सहा महिने आधीपर्यंत त्याच्याकडं जायचंच नसतं. मी म्हणलं, काका, हा कागद फाडून टाकला तरी चालतंय.

बाप सगळं शांतपणे ऐकत होता. मग म्हणला, "साहेब, कागद खोटा असंल, पण पैसे तर आम्ही खरेच घेतले ना. उचल घेतली की फेडावी लागतीय."

मला पुढं बोलताच येईना. त्या माणसानं आयुष्यभर मुकादमाची उचल फेडलेली. दसरा-दिवाळीच्या तोंडावर पैसे घ्यायचे, सहा महिने फडात वाकायचं, हिशेबाला परत अंगावर बाकी निघायची. आता पोराच्या पायावर पण तीच उचल बसली होती, फक्त मुकादमाच्या जागी एजंट होता. ४० हजार मी तेव्हाच देऊ शकत होतो. दिले नाहीत, कारण मी दिले असते तर ती माझी उचल झाली असती, पोरगं १८ चं झाल्यावर माझ्याकडं आलं असतं ते मी आवडलो म्हणून नाही तर बाकी होती म्हणून. त्या वर्षी पोरगं पण तीन महिने फडावर गेलं, मोळ्या वाहिल्या, एक ट्रायल हुकली. पैसे दोन हप्त्यांत परत केले, पावती मी लिहिली, त्यावर त्या एजंटची सही घेतली आणि मूळ स्टॅम्पपेपर परत मागून घेतला. माझा निर्णय बरोबर होता असं मी छाती ठोकून म्हणू शकत नाही. ती ट्रायल महत्त्वाची होती.

१८ झाल्यावर तो बापाला घेऊन आला. नियमाप्रमाणं मी आधी लेखी सांगितलं की माझ्याबरोबर सही करायच्या आधी दुसऱ्या वकिलाला विचारा, आणि ते सांगितल्याची त्यांची सही घेतली. बापानं खरंच माजलगावच्या एका वकिलाला दाखवून आणलं. दोन वर्षांचा करार, ५ टक्के. आज लेफ्ट बॅक खेळतो, दुसऱ्या डिव्हिजनला, आणि मायबाप दोन वर्षांपासून फडावर गेलेले नाहीत.

म्हणून तुला सांगतो की खेळाडू धरून ठेवायला कधीही पैसे देऊ नकोस, बूट देऊ नकोस, फोन घेऊन देऊ नकोस. करार संपल्यावर पण त्याला बांधून ठेवायच्या ओळी लिहू नकोस, त्या टिकत पण नाहीत. आपल्या शेजारच्या श्रीरामपूरच्या जहीर खानचं प्रकरण लॉच्या पोरानं वाचलंच पाहिजे, २००६ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. त्याच्या एजन्सीच्या करारात होतं की करार संपल्यावर पण दुसऱ्या कुणाची ऑफर आली तर आधी आमच्याकडं यायचं. कोर्टानं ते मान्य केलं नाही, करार कायद्याचं कलम २७, धंद्याला आडकाठी. क्रिकेटचं प्रकरण आहे पण आपल्या कामाचा पाया तिथं आहे.

बोलणी कशी करायची हे तुझ्या प्रश्नात नव्हतं, पण त्याशिवाय हे काम काय आहे ते कळणार नाही. क्लबला फोन करायच्या आधी माझे दोन आठवडे जातात. त्या टीममध्ये त्या जागेवर कोण आहे, त्याचा करार कधी संपतो, तो किती मिनिटं खेळला, कोच कोणत्या पद्धतीनं खेळवतो. आयएसएलला २०२१-२२ पासून मैदानात एका वेळी चारच परदेशी खेळाडू, म्हणजे सात भारतीय लागणारच. परदेशी बहुतेक कुठं वापरतात? स्ट्रायकर, मधला प्लेमेकर, एखादा सेंटर बॅक. म्हणून चांगला भारतीय फुल बॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, आणि गोलकीपर यांना भाव आहे, आणि गोल मारणाऱ्या भारतीय पोराला बेंचवर बसावं लागतं. स्ट्रायकर पोराचे आईबाप मला विचारतात की याचे एवढे गोल, तरी पैसे कमी का. हे कारण आहे, आणि ते त्यांना खरं सांगावं लागतंय.

तारखा सांभाळ. करार ३१ मे ला संपत असेल तर डिसेंबरपासून, म्हणजे शेवटचे सहा महिने, खेळाडू दुसऱ्या क्लबशी मोकळेपणानं करार करू शकतो. त्याच्या आधी दुसऱ्या क्लबला बोलायचं असेल तर त्यांनी चालू क्लबला लेखी कळवायला पाहिजे. ही मोकळीक आपोआप आलेली नाही. १५ डिसेंबर १९९५ चा बोसमनचा निकाल, बेल्जियमचा खेळाडू, त्याच्या आधी युरोपात करार संपला तरी क्लब पैसे मागून अडवून ठेवायचा. घाई केली तर काय होतं ते आपल्याकडं पण २०२४ ला दिसलं, भारताचा बचावपटू अन्वर अलीच्या प्रकरणात. करार मोडल्याबद्दल एआयएफएफच्या समितीनं १२.९० कोटी भरपाई आणि चार महिने बंदी सांगितली, मग ते दिल्ली हायकोर्टात गेलं. एवढा मोठा आकडा एक करार मध्येच मोडण्यावरून निघाला.

खोटी ऑफर कधीच सांगायची नाही. हाळीच्या बाजारात बैलाचा सौदा रुमालाखाली बोटं दाबून होतो, बाजूच्याला कळत नाही. फुटबॉलमध्ये तसं नाही, सगळे क्लबवाले एकमेकांना ओळखतात, तू म्हणला की अमक्या क्लबनं १५ लाख दिलेत तर तो तुझ्यासमोरून उठून त्याच क्लबला फोन करतो. एकदा खोटं निघालं की तुझ्या पुढच्या दहा पोरांचं नुकसान. मला जे पाहिजे ते मी पहिल्याच मेलमध्ये लिहितो, कारणासकट, मिनिटांच्या आकड्यांसकट, आणि मग गप्प बसतो. हे गप्प बसणं अवघड आहे. खेळाडू रोज विचारतो काय झालं, बाप विचारतो, आणि तुला चार दिवस काही न करता थांबावं लागतंय. २०१४ ला मला ते जमलं नव्हतं.

मुलींचं पण काम कर. पैसे कमी आहेत, पण त्यांचे करार तर कुणी वाचतच नाही. २०२१ पासून फिफाच्या नियमात कमीत कमी १४ आठवड्यांची पगारी बाळंतपणाची रजा आहे, हे मी ज्या ज्या मुलीला सांगितलं तिला पहिल्यांदाच कळलं.

आता पैसे. नव्या नियमात वर्षाला २ लाख डॉलरपर्यंतच्या, म्हणजे साधारण पावणेदोन कोटींपर्यंतच्या पगारावर खेळाडूकडून जास्तीत जास्त ५ टक्के आणि त्याच्या वरच्या रकमेवर ३ टक्के अशी मर्यादा आणली होती. जर्मनीतल्या कोर्टाच्या आदेशानंतर ३० डिसेंबर २०२३ ला फिफानं ती मर्यादा आणि अजून काही नियम जगभर तात्पुरते थांबवले, त्यामुळं तू अर्ज करशील तेव्हा काय चालू आहे ते फिफाच्या पानावर बघ. मी ५ टक्केच घेतो. गणित कर, खेळाडूचा करार वर्षाला १२ लाखांचा, तुझे ६० हजार, ते पण खेळाडूला जसा पगार येईल तसे. त्यातले पन्नास हजारांच्या वर तर लायसन्सच्या फीला गेले. म्हणजे पहिला खेळाडू फक्त तुझं लायसन्स चालवतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेळाडूतून प्रवास निघतो. पाच-सहा पोरं नीट लागेपर्यंत घर यावर चालत नाही, मला चार वर्षं लागली, तोपर्यंत मी लातूर कोर्टात जमिनीच्या केसेस चालवल्या. फ्रान्सच्या पोगबाच्या २०१६ च्या साडेदहा कोटी युरोच्या ट्रान्सफरमध्ये त्याचा एजंट रायोला याला किती मिळाले हे मला बरेच जण विचारतात. ते जग आहे, खरं आहे, पण परभणीहून निघाल्यावर पहिला स्टॉप तो नाही.

पोरांच्या पैशाचं पण बघावं लागतंय. क्लब बहुतेक वेळा १० टक्के टीडीएस कापतो, आणि कमी पगाराची बरीच पोरं रिटर्न भरतच नाहीत, म्हणजे परत मिळणारे पैसे सरकारकडं पडून राहतात. एका पोराचे दोन वर्षांचे मिळून लाखाच्या वर परत आले, त्यातून घरावर स्लॅब पडला. याचे मला काही मिळत नाहीत. पण नंतर त्याच पोरानं मला दोन खेळाडू आणून दिले.

मराठवाड्यात बसून जमतंय का? जमतंय, पण महिन्यातून आठ-दहा दिवस कोल्हापूर, पुणे, मुंबई, गोवा करावं लागेल. कोल्हापूरला फुटबॉल रक्तात आहे, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून अनिकेत जाधव २०१७ च्या अंडर १७ वर्ल्ड कपला खेळला, तो कोल्हापूरचाच. आपल्याकडं तसं वातावरण नाही, नांदेड आणि संभाजीनगरला मैदानं आहेत, खेळणारी पोरं आहेत, कागद नाहीत. आणि इथंच तुला आजपासून काम आहे, लायसन्स न लागणारं. पोरगं १२ वर्षांचं झाल्यापासून कोणत्या क्लबला खेळलं याची दरवर्षीची नोंद एआयएफएफच्या सीआरएसवर, म्हणजे खेळाडू नोंदणीच्या ऑनलाइन सिस्टीमवर, असली पाहिजे. पुढं करार चालू असताना परदेशी क्लबनं पैसे मोजून त्या खेळाडूला घेतलं तर त्या रकमेतले ५ टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात, १२ ते १५ या वयाच्या प्रत्येक वर्षाला पाव टक्का आणि १६ ते २३ ला अर्धा टक्का. समज १ कोटीची ट्रान्सफर झाली आणि पोरगं ती सुरुवातीची चार वर्षं नांदेडच्या एखाद्या क्लबात होतं, तर त्या क्लबला १ लाख. एका छोट्या क्लबचे वर्षभराचे बॉल आणि जाळ्या त्यात होतात. पण नोंद नसेल तर एक रुपया पण नाही. आपले कोच उन्हातान्हात पोरं घडवतात आणि रजिस्ट्रेशनचं म्हणलं की पुढच्या वर्षी बघू म्हणतात, ते ऐकून मला खरंच वाईट वाटतंय. परभणीतला एक क्लब धर, एक सीझन त्यांची सगळी नोंदणी तू करून दे. जन्मतारखेचे दाखले गोळा करताना तुला जे कळेल ते कोणत्याही मटेरियलमध्ये नाही.

त्याबरोबर फिफाचे खेळाडूंच्या ट्रान्सफरचे नियम उतरवून घे आणि कलम १४, १७, १८, १९ आधी वाच. दिवाळीला मी लातूरला असतो, ये. तो २०१४ चा करार मी नावं खोडून ठेवलाय, त्याची झेरॉक्स देतो. साठ दिवसांची ओळ कोणत्या पानावर आहे ते सांगणार नाही, तू शोध, आणि तिच्या जागी काय लिहायला पाहिजे होतं ते तुझ्या शब्दांत लिहून मला दाखव.